सातव्या महिन्याची फुलं

सुनेला डोहाळेजेवणाला फुलांची वाडी हवी होती. मला मात्र कळ्या खुडणं नको वाटत होतं. पण मागच्या खेपेला चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. यावेळी तिला नाही म्हणायला जीभ रेटेना.

मी ‘आदिपुराण’ उघडलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स.च्या ९व्या शतकात, आचार्य जिनसेनांनी ते रचलं. अपुरं राहिलं ते शिष्य गुणभद्रांनी पुरं केलं. मरुदेवी मातेच्या १६ स्वप्नांत दोन पुष्पमाळा आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच ग्रंथात गर्भान्वयाच्या ५३ क्रियाही आहेत: तिसऱ्या महिन्यात प्रीती, पाचव्यात सुप्रीती, सातव्यात धृती, नवव्यात मोद. म्हणजे सातव्या महिन्याचा संस्कार आपल्याकडे हजाराहून अधिक वर्षांपासून आहे, आणि त्याचं नावच धीर! मुख्य गोष्ट जिनपूजा; थाटमाट नंतरचा.

मग मार्ग सापडला. बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट सगळं क्रेप कागदाचं केलं. खरी फुलं फक्त प्राजक्ताची, पहाटे आवारात आपोआप गळालेली, परातीत ठेवली. सोफा शेजारी हलवला, बायकांना आठ-आठ करून दोन वेळा बोलावलं. दोन खोल्यांत सगळं मावलं.

आधी णमोकार, मग ओटी. सुनेचे हात थरथरत होते. मी तिला धृतीचा अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही, पण परातीतली दोन फुलं उचलून तिनं पदरात बांधली.