कॉलेजप्रवेश आणि कुटुंबाची बेगमी

दहावी-बारावीचे निकाल लागले, कीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत कांहीं दिवस दुसरा विषय निघत नाहीं. गुणपत्रिका, दाखले, कॉलेजांच्या याद्या यांचा पसारा बैठकीच्या खोलींत पडतो. आणि "आमच्या वेळीं असें नव्हतें" हा उद्गार घरांतील वडील मंडळींच्या तोंडून हटकून निघतो. तो कितपत खरा आहे, हें इतिहासाच्या आधारें पाहावें, असें आम्हांस वाटतें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. कॉलेजाचें दार म्हणजे त्या काळीं मॅट्रिक्युलेशनची परीक्षा. आंत जागा किती, यापेक्षां त्या दारापर्यंत पोंचावें कसें, हाच बहुतेक घरांपुढील प्रश्न होता. कोंकणांतील मुरूड गांवच्या धोंडो केशव कर्वे यांची हकीकत प्रसिद्धच आहे. १८७५ सालीं मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठीं हा मुलगा भर पावसांत, सह्याद्रीचा घाट चढून, सुमारें ११० मैल चालत साताऱ्यास गेला. तेथें परीक्षकांनीं त्याला नुसतें न्याहाळलें, आणि वयानें लहान दिसतो म्हणून परत लावून दिलें! पुढच्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन त्यानें तीच परीक्षा दिली. १८८१ सालीं मॅट्रिक व १८८४ सालीं मुंबईस बी. ए. केलें. साताऱ्याचा नकार म्हणजे आयुष्याचा निकाल, असें त्यानें व त्याच्या घरच्यांनीं मानलें नाहीं, हें येथें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरें उदाहरण सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरचें. लष्करी नोकरीच्या पेन्शनवर संसार, परळच्या चाळींतील एक खोली, आणि तींत अभ्यास करणारा भीमराव. रात्रीं लौकर निजून दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासास उठवावें, हा वडिलांचा क्रम होता. पुस्तकासाठीं पैसे नसले, तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण टाकीत, व पेन्शन हातीं येतांच सोडवून देत. दोन्ही मुलांना शिकविणें झेपेना, तेव्हां आनंदराव नोकरीस लागले व भीमराव शिकत राहिले. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. पुढें कॉलेजचा खर्च वडिलांच्या आवांक्याबाहेर गेला. तेव्हां कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनीं सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. १९१२ सालीं आंबेडकर बी. ए. झाले. ती पदवी एकाच्या नांवची असली, तरी तिच्यांत बहिणींचा दागिना व भावाची शाळा हीं दोन्हीं जमा होतीं.

परंतु ज्या घरीं गहाण टाकण्यास दागिनाहि नव्हता, त्यांनीं काय करावें? कोणी वार लावून जेवत, कोणी माधुकरी मागत. पण हे मार्गहि सर्व जातींच्या मुलांना मोकळे नव्हते. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून वसतिगृहें काढविलीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहांत नाना जातींचीं मुलें एकत्र राहूं-जेवूं लागलीं. एका घराला जी बेगमी साधत नव्हती, ती समाजानें करावी, असा याचा अर्थ.

मुलींच्या वांट्यास तर बेगमीचा विचारच फारसा येत नसे. आमच्या घरांतून भावाच्या फीचा हिशेब मांडला जाई, तेव्हां बहिणीच्या लग्नाचा मांडला जाई. साताऱ्याहून परत आलेल्या त्याच कर्व्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

आज दाराचें स्वरूप पालटलें आहे. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेशहि सबंध राज्यांत संगणकावरून होऊं लागला. आतां घाट चढावा लागत नाहीं. पसंतिक्रम भरावा लागतो. मात्र पहिल्या पसंतीचें कॉलेज लाभूनहि जो तेथें प्रवेश घेत नाहीं, तो पुढील नियमित फेऱ्यांस मुकतो. आणि हा नियम यादी भरून झाल्यावर कळणारीं घरें थोडीं नाहींत. म्हणून नियम आधीं वाचावेत, दाखले वर्षभर अगोदर काढून ठेवावेत, आणि पहिल्या ओळींत शेजाऱ्याच्या मुलाचें कॉलेज न लिहितां आपल्या मुलाला खरोखर हवें तें लिहावें, हीच आजची बेगमी.

तेव्हां वडिलांचा तो उद्गार अर्धाच खरा. नियम निराळे होते. घराला पडणारा भार तोच होता. यादी भरावयास बसतांना आणखी एक गोष्ट घरांत उघडपणें बोलली जावी, असें आम्हांस वाटतें: या प्रवेशासाठीं कोणाचें काय मागें राहणार आहे? आनंदरावांसारखें कोणी थांबणार असेल, तर निदान त्याला विचारून थांबवावें, आणि पुढें पाळी आली म्हणजे त्याचें नांव विसरूं नये.