भोगवर्धनचे कारागीर आणि प्राचीन श्रेणी

जालना जिल्ह्यांत केळणा नदीच्या कांठीं भोकरदन हें तालुक्याचें गांव वसलेलें आहे. त्याचें प्राचीन नांव भोगवर्धन. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण. तेथून उज्जयिनीकडे जाणारा व्यापारी मार्ग याच नगरावरून जात असे. सांचीच्या स्तूपासाठीं ज्यांनीं दानें दिलीं, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचाही उल्लेख कोरलेला आहे. इतक्या दूरच्या दगडावर ज्या नगराचें नांव लागलें, त्या नगरांत द्रव्य होतें आणि दूरदूरचें दळणवळणही होतें, हें उघड आहे.

१९७३ सालीं नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं मिळून येथें उत्खनन केलें. मणी, शंखाच्या वस्तु, भाजलेल्या मातीच्या मूर्ति यांच्या जोडीला हस्तिदंती काम मिळालें, आणि त्यांतील एका स्त्रीमूर्तीनें पंडितांचें लक्ष वेधून घेतलें. कारण तिची बहीण शोभेल अशी एक मूर्ति १९३८ सालींच इटलींतील पोम्पेई येथें सांपडली होती. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं जें नगर गडप झालें, त्यांतील एका घरांत ही सुमारें वीतभर उंचीची भारतीय मूर्ति जाऊन पोंचली होती. मराठवाड्यांतील तेर येथेंही त्याच धर्तीची मूर्ति मिळालेली आहे. पोम्पेईची मूर्ति नेमकी कोठें घडली, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पण एकच घडण निरनिराळ्या नगरांत आढळते, एवढी गोष्ट निश्चित.

ही घडण एका गांवाहून दुसऱ्या गांवीं गेली कशी? एकट्यादुकट्या कारागिराच्या हातून हें होण्यासारखें नव्हे. नमुना, हत्यारें, कच्चा माल आणि गिऱ्हाइकाची आवड यांची वार्ता सतत एका हातांतून दुसऱ्या हातांत जावी लागते. हें काम त्या काळीं ज्या संस्थेमुळें साधत असे, तिचें नांव श्रेणी. एकाच व्यवसायाच्या लोकांचा तो संघ होय.

श्रेणींचा साक्षात् पुरावा महाराष्ट्रांतील लेण्यांत आहे. जुन्नरच्या एका लेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे; तेथेंच कांसार आणि वेळूकाम करणारे यांच्या श्रेणींचेही उल्लेख येतात. नाशिकचा लेख याहूनही बोलका आहे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें भिक्षूंसाठीं ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत ठेविली. २००० एका श्रेणींत, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. १००० दुसरींत, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. मूळ रकमेस हात लावावयाचा नाहीं, केवळ व्याज वापरावयाचें, अशी अट होती. ही गोष्ट निगमसभेंत ऐकवून फळ्यावर नोंदविण्यांतही आली. राजघराण्यांतील पुरुषानें आपलें द्रव्य विणकरांच्या हातीं विश्वासानें सोंपवावें, यांत श्रेणीची पत दिसून येते. एक विणकर मरतो, दुसरा गांव सोडतो. श्रेणी मात्र टिकते, हाच त्या विश्वासाचा पाया होता.

श्रेणींत विद्या कशी दिली जाई, तें याज्ञवल्क्य व नारद यांच्या स्मृतींवरून समजतें. शिकाऊ मुलगा ठराविक मुदतीसाठीं गुरूच्या घरीं राही, गुरु त्यास जेवूंखावूं घाली व आपली कला शिकवी. मुदतीपूर्वींच कला अवगत झाली, तरी उरलेले दिवस तेथेंच काढावे लागत आणि त्या दिवसांची कमाई गुरूची होई. यांत शिष्यावर कांहीं जुलूम होता, हें नाकारतां येत नाहीं. पण शिकविण्यांत गुरूचाही लाभ असल्यामुळें विद्या लपवून ठेवण्याचा मोह कमी होई.

कला एका माध्यमांतून दुसऱ्या माध्यमांत कशी उतरे, याचें उदाहरण सांचीसच आहे. तेथील महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनीं आपण हें कोरीव काम केल्याचें लिहून ठेविलें आहे. हस्तिदंतावर चालणारे हात दगडावर चालले. आणि नांव लागलें तें एका व्यक्तीचें नव्हे, तर सर्व दंतकारांचें. त्याच सांचीस भोगवर्धनचे लोक दान देण्यास जात. विदिशेची कला त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली असलीच पाहिजे, आणि परततांना कांहीं मनांत सांठवून आणलें असल्यास नवल नाहीं.

आज जालना बियाण्यांसाठीं आणि लोखंडी सळयांसाठीं प्रसिद्ध आहे. माल घडविणारा आणि माल घेणारा यांच्यामध्यें उभा राहून काय, किती व कोणासाठीं घडवावयाचें हें ठरविणाऱ्यास आतां उत्पादन-व्यवस्थापक म्हणतात. प्राचीन काळीं ही चिंता श्रेणीचा ज्येष्ठक आणि तांड्याचा सार्थवाह यांनीं वाटून घेतली असावी. नांव बदललें, पण गरज बदललेली नाहीं: एकाची चूक दहाजणांस कळावी, एकाचा शोध दहाजणांच्या उपयोगीं पडावा, आणि नवख्यास जुन्याचें दार उघडें असावें.

भोकरदनच्या दंतकारांची परंपरा मागें उरली नाहीं. मूर्ति मातीखालीं सुमारें दोन हजार वर्षें टिकली; ती घडविण्याची विद्या टिकली नाहीं. हस्तिदंत मातींत राहूं शकतो, विद्या मात्र माणसांच्या सहवासांतच राहते. तो सहवास मोडला कीं सर्वांत कुशल हातही आपल्याबरोबर सर्व कांहीं घेऊन जातो.