मताधिकाराची शैक्षणिक अट

लिहिता-वाचता येणाऱ्यांना किंवा ठरावीक इयत्तेपर्यंत शिकलेल्यांनाच मत देऊ द्यावे, अशी मागणी. भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने ती नाकारली. तरीही प्रत्येक पिढीत ती नव्याने पुढे येते, आणि मांडणाऱ्याचे स्वतःचे मत तिच्यामुळे कधी धोक्यात येत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ मध्ये मतदाराला वाचन, लेखन आणि त्रैराशिकाचे गणित यावे, असे सुचवले. सुशिक्षितांना एकाहून अधिक मते असावीत, असेही त्याचे म्हणणे होते. मात्र शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आणणे हे समाजाचे आधीचे कर्तव्य आहे, हेही त्याने बजावले होते. पुढच्या काळात मिलची अट उचलली गेली आणि हे कर्तव्य मागे पडले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत साक्षरतेची परीक्षा कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी वापरली गेली. उतारा कोणता द्यायचा आणि उत्तर बरोबर की चूक, हे नोंदणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. १९६५ च्या मताधिकार कायद्याने त्या राज्यांतील या परीक्षा थांबवल्या.

ब्रिटिश भारतात १९१९ च्या कायद्यानुसार मताधिकार मुख्यतः शेतसारा, आयकर व मालमत्ता यांवर अवलंबून होता. १९३५ च्या कायद्याने त्याला शिक्षणाच्या पात्रतेची जोड दिली. मतदारांची संख्या सुमारे तीन कोटींवर गेली, तरी बहुसंख्य प्रौढ यादीबाहेरच राहिले.

या अटींची सर्वांत मूलगामी चिकित्सा मुंबईत झाली. २७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मालमत्तेच्या निकषाचा अन्याय दाखवला. अस्पृश्यतेमुळे ज्याला व्यापारधंद्याची दारे बंद आहेत, त्याच्याकडे मालमत्ता येणार कुठून? म्हणून अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणावी, अशी मागणी त्यांनी केली. सायमन आयोगाबरोबर काम करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य असताना, १७ मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात ते थेट प्रौढ मताधिकारावर आले. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतो हा समज त्यांनी खोडून काढला. साक्षर झाला म्हणजे अधिक शहाणा झाला, हेही मानले नाही. लोकांना आधी निरक्षर ठेवायचे आणि मग त्याच निरक्षरतेच्या कारणाने मत नाकारायचे, हा दुहेरी अन्याय आहे. शाळा मिळवण्याचे साधन मतच असेल, तर ते काढून घेतल्याने निरक्षरता कायमची होते. या युक्तिवादाला शैक्षणिक अटीच्या समर्थकांकडून आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

नेहरू अहवालाने (१९२८) एकवीस वर्षांवरील सर्वांना मत सुचवले. लोथियन समितीने (१९३२) मात्र प्रशासकीय अडचणी सांगून प्रौढ मताधिकार तूर्त अशक्य ठरवला. त्या अडचणी दूर करता येतात, हे वीस वर्षांत सिद्ध झाले. राज्यघटना लागू होण्याआधीच मतदार याद्यांचे काम सुरू झाले होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि देशातील साक्षरता जेमतेम अठरा टक्के होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने उमेदवारागणिक वेगळी, चिन्ह लावलेली पेटी ठेवली. वाचता न येणाऱ्यालाही आपली पेटी ओळखता आली. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मात्र यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता फक्त ‘अमक्याची बायको’ वा ‘अमक्याची मुलगी’ अशी ओळख दिली होती.

संविधान सभेच्या समारोपात, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, राजेंद्र प्रसाद यांनी कायदे करणाऱ्यांना पात्रतेची अट नसल्याची खंत व्यक्त केली. खेड्यातल्या निरक्षर मतदाराच्या समजुतीवर मात्र त्यांनी विश्वास दाखवला. शिक्षणाची अट नंतर आली ती उमेदवारांच्या वाटेने. हरियाणाच्या पंचायत कायद्यातील अट सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी राजबाला खटल्यात वैध ठरवली. महाराष्ट्रात १ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या सरपंचपदाच्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असावे लागते. मत देण्याचा हक्क यात शाबूत राहतो. ज्याला मत द्यायचे तो माणूस मात्र मतपत्रिकेवरून आधीच वगळलेला असतो.

शिक्षणावर आधारलेले मत भारतात पूर्ण संपलेले नाही. अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेत पदवीधर व शिक्षक यांचे स्वतंत्र मतदारसंघ असतात; महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत त्यांना प्रत्येकी सात जागा आहेत. शिक्षक मतदारसंघाचे मत माध्यमिक किंवा त्यावरील स्तरावर शिकवणाऱ्यांनाच आहे. पहिलीच्या वर्गात मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला तेथे मत नाही.