रिसबूडांची तक्रार, यमूचे उत्तर

कथा-कादंबरीकारांचा आपसातला वाद म्हटला की आपल्याला फडके-खांडेकर आठवतात. मला त्याआधीची एक तक्रार अधिक मोलाची वाटते. नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ साली आली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्या लोकांचे जिणे, विशेषतः लग्नाची रीत, अशी की त्यात रंजक असे ना गुण सापडतात ना दुर्गुण. रोजचे अनुभव लिहिले तर ते मन धरून ठेवणार नाहीत, म्हणून अद्भुताचा आसरा घ्यावा लागतो.

चारच वर्षांनी काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' यांविषयीच्या निबंधात या अद्भुताच्या सोसावर बोट ठेवले. पण टीकेने अडचण सुटत नसते. ती कोणीतरी लिहूनच सोडवावी लागते. हरि नारायण आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मध्ये 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः छापली. रिसबुडांना जी विवाहाची रीत नीरस वाटली, तीच आपट्यांचे कथानक झाली. यमू स्वतःची हकिकत स्वतः सांगते आणि वाचक अंकामागून अंक वाट पाहतो. त्याही आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन'मध्ये विधवांची दुःखे मांडली होती. म्हणजे सामग्री समोरच होती. तिच्यात कथा आहे, असे वाटायला हवे होते.

मात्र समोरचे सगळ्यांना सारखे दिसत नाही. १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांना शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क मान्य नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. यमूचे घर पांढरपेशा वस्तीतले. त्या वस्तीबाहेरचे कोण लिहिणार, हा प्रश्न त्या पत्रात आधीच होता.

हा प्रश्न मी करावे गावात बसून वाचतो. नवी मुंबईसाठी इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. तरी आमच्याकडची लिहू पाहणारी पोरे विचारतात, ''आपल्या गावात लिहिण्याजोगं हाय काय?'' हे रिसबुडांचेच वाक्य, फक्त आगरीत. मी त्यांच्या हाती आधी 'मंजुघोषा'ची प्रस्तावना देतो, मग यमू.