पाच रोपं आणि एक इंजिनिअर

महाबळेश्वर म्हटलं की आपल्याला आठवते स्ट्रॉबेरी विथ क्रीम आणि पसरणी घाटातली गाड्यांची रांग. २०१० साली इथल्या स्ट्रॉबेरीला जीआय मानांकनही मिळालं. पण बाजारातली ही मोठी लाल स्ट्रॉबेरी जेमतेम पावणेतीनशे वर्षांची आहे, आणि ती जन्मली एका इंजिनिअरच्या चुकीमुळे. (वाचून बरं वाटलं :))

तर झालं असं. अमेदे-फ्रान्स्वा फ्रेझियर हा फ्रान्सचा लष्करी इंजिनिअर १७१२ साली चिलीला पोचला. काम काय, तर व्यापारी असल्याचं भासवून स्पॅनिश किल्ल्यांचे नकाशे काढायचे. सरळसरळ हेरगिरी! पण साहेबांची नजर गेली कॉन्सेप्सिओनच्या शेतांवर. युरोपातली रानातली स्ट्रॉबेरी नखाएवढी, आणि इथली अक्रोडाएवढी, रंगाने फिकट. तिथले मापुचे लोक ती कित्येक पिढ्या जोपासत होते. त्यांचं नाव पुढे कुणी फारसं घेतलं नाही, हे मात्र खटकतं.

१७१४ साली फ्रेझियर परतला. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, जहाजावर गोड्या पाण्याची मारामार. पाच रोपं जगली. ती युरोपातल्या बागांत लावली, रनर्सनी वाढली, फुललीसुद्धा... पण फळच धरेना!

कारण साधं होतं. चिलीच्या या जातीत नर आणि मादी रोपं वेगळी असतात. फ्रेझियरने भरपूर फळं लगडलेली, म्हणजे मादीच रोपं उचलली होती. फक्त यशस्वी केसेसचा डेटा गोळा करून आपणही असंच तोंडावर पडतो की.

तोडगा निघाला ब्रेस्टजवळ. तिथली हवा समुद्रामुळे दमट, थंडी सौम्य. चिलीच्या रोपांना मानवली. शेजारीच माळ्यांनी उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी लावली होती. ती लहान, पण लालभडक आणि सुवासिक. तिचे पराग चिलीच्या फुलांवर पडले आणि फळं धरली. त्यांच्या बियांतून उगवलं ते आजच्या स्ट्रॉबेरीचं कूळ. वासावरून शास्त्रीय नावात 'अननस' आला. दोन्ही जातींत गुणसूत्रांचे आठ-आठ संच, म्हणून हा संकर जमला. युरोपातल्या त्या नखाएवढ्या स्ट्रॉबेरीत फक्त दोनच संच, तिच्याशी हे जमणारं नव्हतं.

हा नर-मादीचा घोळ उलगडला आंत्वान निकोला द्युशेन या पोराने. १७६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने चिलीच्या रोपाला दुसऱ्या एका जातीचे पराग देऊन फळं आणली आणि पंधराव्या लुईला दाखवली. १७६६ साली त्याचं पुस्तकही आलं. (सतराव्या वर्षी आपण काय करत होतो? असो.)

ती मूळची फिकट स्ट्रॉबेरी दक्षिण चिलीत, पुरेनजवळच्या डोंगरउतारांवर, छोटे शेतकरी अजून लावतात. उत्पन्न कमी, हंगाम छोटा, फळ नाजूक. लांबच्या बाजारात ती टिकत नाही. फ्रेझियरच्या मते चवीला ती युरोपातल्या रानातल्या स्ट्रॉबेरीपेक्षा जराशी उणीच. पण फळ पारखण्यात या गृहस्थाचा हात किती कच्चा होता ते आपण पाहिलंच. तेव्हा जोवर ती तिथे पिकतेय, तोवर एकदा पुरेनला जाऊन स्वतःच चाखून बघायची आहे.