पंचाहत्तर रुपयांचे मास्तर

यंदा शिक्षकदिनी आमच्या शाळेत सत्कार झाला. चालकांनी भाषणात टिळक-आगरकरांच्या त्यागाची आठवण दिली आणि प्रत्येकाच्या हाती शाल व श्रीफळ ठेवले. दोन महिन्यांचा पगार तेवढा राहिला होता. परतताना सोबतचे मास्तर म्हणाले, "नारळाची चटणी तरी होईल, शालीवर वाणी काय देणार?" मी हसलो खरा, पण तो त्याग होता तरी कसा, हे एकदा नीट पाहावेसे वाटले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. टिळक व नामजोशी सोबतीला होते. आपटे आणि आगरकर मागोमाग आले. मुलगा शिकून मोठ्या पगारावर लागेल, या आशेवर असलेल्या आईला आगरकरांनी आधीच पत्र लिहून सावध केले होते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिचा नियम असा, की आजीव सभासदाने वीस वर्षे शिकवावे आणि महिना पंचाहत्तर रुपये घ्यावेत. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ साली तिथे आले, ते १९०२ पर्यंत शिकवीत राहिले.

पैसा नाही, तर या विद्वानांना बांधून ठेवले कशाने? वाचकहो, शाळा त्यांची स्वतःची होती. जे शिकवीत, तेच कारभारही पाहत. डोक्यावर मालक नव्हता. १८८२ च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तरी शाळा बंद पडली नाही. मागे राहिलेल्यांनी ती आपली म्हणून चालवली.

पण गोष्ट इथेच संपवणे खोटेपणाचे होईल. पुढे पगार वाढवावा की नाही, बाहेरची कामे करावीत की नाही, यांवरून याच मित्रांत वितुष्ट आले. मूळचा नियम ढळू नये म्हणून टिळक अडून बसले. आगरकरांना संसाराची ओढाताण दिसत होती. अखेर १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. त्यागी माणसांच्या घरीही चूल पेटावी लागते, हे या भांडणाने दाखवले.

आमचे चालक यातला त्याग तेवढा सांगतात. सत्तेचा वाटा सांगत नाहीत. स्वतःच्या शाळेसाठी स्वतः पत्करलेली गरिबी निराळी आणि दुसऱ्याच्या शाळेत आपल्यावर लादलेली निराळी.

पुढल्या वर्षी शाल नसली तरी चालेल. वेळापत्रक ठरवताना आम्हांला विचारा आणि पगार पहिल्या तारखेला द्या. त्यागाचे आमचे आम्ही पाहून घेऊ.