किनाऱ्याकडे जाणारा रस्ता

काही रस्ते गावोगाव हिंडतात, तर काही एखाद्या बागेच्या फाटकाशीच संपतात. आज अशाच एका छोट्या रस्त्याची हकीकत सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराला लागून लाँग आयलंड हे बेट आहे. त्याच्या दक्षिणेला, खाडीपलीकडे वाळूचा लांब पट्टा आहे. तिथे न्यूयॉर्क राज्याने उभारलेले जोन्स बीच हे सरकारी उद्यान ४ ऑगस्ट १९२९ रोजी खुले झाले. खाडीत भराव घालून, पूल बांधून तिथवर रस्ता नेला. या सगळ्यामागे रॉबर्ट मोझेस हा कर्तबगार अधिकारी होता. चांगले किनारे श्रीमंतांच्या बंगल्यांनी अडवलेले असताना सामान्यांना समुद्र मिळाला, ही मोठीच गोष्ट होती.

पण तिथे पोचायचे कसे? रेल्वे किनाऱ्यापर्यंत गेली नाही. शहराकडून येणारा रस्ता मोटारींसाठी होता आणि त्यावरचे दगडी पूल ठेंगणे होते. उंच बस त्यांखालून जात नसे. गरिबांनी, विशेषतः कृष्णवर्णीयांनी येऊ नये म्हणून मोझेसने हे मुद्दाम केले, असे रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ साली त्याच्या चरित्रात लिहिले.

जन्मभर एस.टी.ने फिरलेल्या माझ्यासारख्याच्या काळजाला ही गोष्ट भिडली. अनेक कविसंमेलनांत मी ती सांगितली, टाळ्याही घेतल्या. पुढे कळले, की बर्नवर्ड योर्गेस या जर्मन अभ्यासकाने १९९९ मध्ये तिला हरकत घेतली होती. अशा रस्त्यांवर बसना नियमानेच बंदी असे, ठेंगणे पूल इतरत्रही होते आणि दुसऱ्या वाटेने बस जोन्स बीचला जात होती. मी खजील झालो. मग २०१७ साली थॉमस कॅम्पानेला यांनी पुलांची उंची मोजून दाखवली. मोझेसच्या सदर्न स्टेट पार्कवेवरचे पूल त्या काळातल्या इतर तशा रस्त्यांवरच्या पुलांपेक्षा खरोखरच ठेंगणे निघाले!

मोझेसच्या मनात काय होते, हे पूल मोजून सिद्ध होत नाही. मात्र ज्याच्याकडे मोटार नाही, त्याला तो रस्ता बंद होता, एवढे नक्की.

आता ही गोष्ट मी दोन्ही बाजूंसह सांगतो. टाळ्या कमी पडतात. पण कुठे ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी दिसली, की मी मागे वळून रस्ता पाहतो आणि विचारतो, इथे बस येते का?